आजीचें देणें आणि खरें लिखाण

शाळेच्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यानें लिहावयाचें म्हणजे जुन्या आठवणी, गुरुजनांचे आभार आणि शेवटीं चार उपदेशाचे शब्द, अशी एक चाल पडून गेली आहे. आमच्या ह्या लेखांतहि तें सारें थोडेंबहुत येईलच. परंतु लिहिण्याचा हेतु निराळा आहे. ह्याच वार्षिकाच्या एका जुन्या अंकांत आमच्या नांवावर एक लेख छापलेला आहे, आणि त्यांत एक खोटी गोष्ट आहे. ती दुरुस्त करण्याचें वचन आम्हीं एका वृद्ध स्त्रीस दिलें होतें. तें पाळावयास आम्हांस फार उशीर झाला. ती बाई आज हयात नाहीं. परंतु वचन देणारा हयात आहे, तोंवर वचनहि हयात आहे असें आम्ही समजतों.

गोष्ट किंवा कविता कशी वाचावी हें आपणांस शाळेंत शिकवितात. कवीनें अमुक उपमा कां योजिली, नाटकांतील अमुक पात्र असें कां बोललें, हे प्रश्न परीक्षेंत येतात आणि आपण त्यांचीं उत्तरें लिहितों. परंतु चरित्र, प्रवासवर्णन, आठवणी किंवा वर्तमानपत्रांतील लेख हातीं आला कीं आपली ही चौकस बुद्धि झोंपी जाते. ‘हें तर खरेंच घडलेलें आहे, मग त्यांत पाहावयाचें काय?’ असें आपणांस वाटतें. वस्तुतः खरें लिहिणारासहि शब्द निवडावे लागतात, कांहीं सांगावें व कांहीं गाळावें लागतें, कोठें आरंभ करावा व कोठें थांबावें हें ठरवावें लागतें. तेंहि एक रचणेंच होय. हें आम्हांस पुस्तकावरून कळलें नाहीं. घरीं चुलीपुढें कळलें. तो प्रसंग असा :—

आमचें गांव रहिमतपूर. कोरेगांव तालुक्यांतील, कमंडलू नदीच्या कांठचें. पुणें-मिरज लोहमार्गावर गांवाच्या नांवाचें स्टेशन आहे. सुट्टींत बोर्डिंगांतून निघावें, त्या स्टेशनावर उतरावें, ट्रंक डोक्यावर घ्यावी आणि आल्याचीं व उसाचीं रानें पाहात घर गांठावें, हा आमचा क्रम असे. मात्र पूर्वेस खटावच्या बाजूस जावें तसतसा पाऊस उणा होत जातो. आमची जमीन त्याच अंगास माळाकडे. चार एकर, कोरडवाहू. १९७२ सालच्या दुष्काळांत विहीर आटली, बैल विकावे लागले, आणि आमची आजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली. आम्हांस एवढेंच ठाऊक होतें. घरांत कोणी त्याविषयीं अधिक बोलत नसे, आणि आम्हींहि कधीं विचारलें नाहीं.

आम्ही नववींत असतांना मराठीच्या सरांनीं ‘आमच्या घरांतील एक खरी हकीकत’ हा विषय निबंधास दिला. आम्हीं आजीची हकीकत घेतली. माहिती मूठभर होती आणि निबंध तर चार पानें भरावयाचा होता! तेव्हां जें ठाऊक नव्हतें तें आम्हीं कल्पनेनें भरून काढलें. आजी तीन दिवस उपाशी होती असें लिहिलें. दोन लिहिले असते तर थोडे वाटले असते आणि चार कोणास पटले नसते. तिच्या बोटांतून रक्त वाहविलें. शेवटीं तर कळसच केला. आजीच्या शेजारीं एक गरीब मजूर बाई उपाशी बसली आहे, आजी आपल्या फडक्यांतील अर्धी भाकरी तिला देते, आणि आकाशांत एकच ढग दिसतो, असा शेवट आम्हीं केला. तो ढग लिहितांना आमचे आम्हांलाच डोळे भरून आले होते!

निबंधास पहिलें बक्षीस मिळालें. स्नेहसंमेलनांत तो वाचून दाखविण्यांत आला, व पुढें वार्षिकांत छापलाहि गेला. पुष्कळ माताभगिनींनीं डोळ्यांस पदर लावल्याचें आम्हीं व्यासपीठावरून पाहिलें, आणि खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आम्हांस आजीहून आपल्या लेखणीचाच अभिमान अधिक वाटला.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही अंक घेऊन घरीं आलों. आजीस वाचतां येत नसे. रात्रीं जेवणें झाल्यावर, चुलींत निखारे असतां, आम्हीं तिला निबंध मोठ्यानें वाचून दाखविला. ढगाच्या जागीं आमचा आवाज मुद्दाम हळू झाला. वाचून झाल्यावर आम्ही शाबासकीची वाट पाहात राहिलों. आजी बराच वेळ निखाऱ्यांवर राख ओढीत बसली; मग म्हणाली,

“ही कोन रं बाई? ही मी न्हवं.”

आम्ही म्हणालों, “आजी, तूंच ना खडी फोडलीस?”

“फोडली की. पर मी उपाशी कवा निजले? सुकडी मिळत व्हती. प्वाट भरत व्हतं. जळत व्हतं ते येगळंच.” आणि थोडें थांबून म्हणाली, “भाकरी मी न्हाई दिली तिला. तिनंच मला चिंधी दिली. तिचं देनं तू माझ्या नावावर मांडलंस, बाळा.”

एवढें बोलून ती उठली आणि अंथरुणावर जाऊन पडली. आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. कोणी रागें भरलें असतें तर बरें वाटलें असतें.

सुट्टी संपल्यावर आम्हीं सरांस सर्व सांगितलें. बक्षीस परत घेतील अशी भीति होती. परंतु ते रागावले नाहींत. ते म्हणाले, “तुम्हांला सजवितां येतें, पाहतां येत नाहीं. आतां जरा दुसऱ्यांनीं खरें कसें लिहिलें तें पाहा.” आणि कागदाच्या एका चिठोऱ्यावर त्यांनीं चार प्रश्न लिहून दिले : लिहिणारा कोण व कोठें उभा आहे? त्यानें पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें? काय गाळलें? आणि हें सर्व कोणासाठीं लिहिलें? तें चिठोरें पुढें हरवलें. प्रश्न मात्र सोबतीस राहिले.

पहिला धडा सरांनीं आमच्याच गांवावरून घेतला. मुंबई इलाख्याचें गॅझेटिअर जेम्स कॅम्बेल ह्यांच्या संपादनाखालीं तयार झालें. त्याचा एकोणिसावा खंड सातारा जिल्ह्याचा असून तो १८८५ सालीं निघाला. त्यांत रहिमतपुराचें वर्णन आहे. तें सरांनीं आम्हांस मराठींत समजावून दिलें. गांवांतील मशीद आणि घुमटाची कबर, विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या (१६२७–१६५६) पदरचा सरदार रणदुल्लाखान, आणि मशिदीजवळील हत्तीच्या मोटेचा सुमारें ५० फूट उंचीचा बुरूज, हें सर्व तेथें आहे. हत्तीस चढावयाचा उतार कोणत्या बाजूस, पाणी कशासाठीं वर चढवीत, हेंहि नमूद केलेलें आहे. ह्या बुरुजाच्या सावलींत आम्हीं लहानपणीं विटीदांडू खेळलों होतों. परंतु त्याची उंची किती, असा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता!

सर म्हणाले, “ह्या लिहिणाराची हातोटी पाहा.” आम्हीं पाहिली. येथें ढग नाहीं, अश्रु नाहीं. माप आहे, दिशा आहे. जेथें खात्री नाहीं तेथें ‘असावें’, ‘दिसतें’ असा शब्द घालून लेखक पाऊल मागें घेतो. ही कबर कोणासाठीं बांधली हें तो ठासून न सांगतां तर्क म्हणून सांगतो. आमच्या निबंधांत ‘असावें’ हा शब्द एकदांहि आला नव्हता, हें आमच्या ध्यानांत आलें आणि कान तापले. ज्याला थोडें ठाऊक असतें तोच सर्व कांहीं ठासून सांगतो, असें तर नव्हे?

परंतु चार प्रश्नांनीं गॅझेटिअरहि सुटलें नाहीं. तें कोणासाठीं लिहिलें? कारभार चालविणाऱ्या अंमलदारांसाठीं. म्हणून बुरुजाची उंची त्यांत आली. तो हत्ती हांकणारा माहूत, मोट धरणारा गडी, दगड वाहणारीं माणसें, हीं आलीं नाहींत. अंकगणित बरोबर असूनहि हिशेब अपुरा राहूं शकतो. पुढच्या सुट्टींत आम्ही मुद्दाम त्या बुरुजापाशीं गेलों, उतारावरून वर चढलों, आणि येथून हत्ती किती वेळां गेला-आला असेल ह्याचा विचार करीत उभे राहिलों. एका रुक्ष भासणाऱ्या वर्णनानें आमचें रोजचें गांव आम्हांस नव्यानें पाहावयास लावलें, हेंहि त्या लिखाणाचें सामर्थ्यच म्हटलें पाहिजे.

दुसरें पुस्तक वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचें ‘माझा प्रवास’. घरचें कर्ज फेडावें म्हणून हा गरीब भिक्षुक १८५७ सालीं चुलत्याबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघाला आणि नेमका बंडाच्या आगींत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला. सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यानें तें लिहून काढलें. येथें लेखक शूर वीर नाहीं. दक्षिणा मोजणारा, जेवणाची चिंता करणारा, जीव मुठींत धरून लपणारा एक साधा माणूस आहे, आणि आपण भ्यालों हें तो लपवीत नाहीं. त्यामुळेंच राणीविषयीं व शहराच्या नाशाविषयीं तो जें सांगतो तें आपणांस पटतें. जो आपला भित्रेपणा कबूल करतो त्याची साक्ष आपण सहज मानतों. आम्हीं मात्र आजीला इतकी थोर केली होती कीं ती माणूसच राहिली नव्हती.

ह्या पुस्तकाची आणखी एक गोष्ट सरांनीं सांगितली. तें प्रथम १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य ह्यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांनीं मूळ लिखाणांत फेरफार केले होते. मुळाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदार ह्यांनीं १९६६ सालीं छापली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें वाचकांच्या हातीं जें होतें, त्यांत गोडसे भटजींच्या आवाजाबरोबर संपादकाचाहि आवाज मिसळलेला होता. वैद्यांनीं तें पुस्तक जगापुढें आणलें, हे त्यांचे उपकार कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु आपण जें वाचतों तें कोणाकोणाच्या हातांखालून आलें आहे, हा प्रश्न वाचकानें विचारलाच पाहिजे. आमच्या निबंधांत आजीचा आवाज किती व आमचा किती? तिचा तर एक शब्दहि नव्हता.

तिसरें पुस्तक आमच्याच जिल्ह्यांतील थोर पुरुषाचें. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. कोल्हापूरच्या प्रकरणांतील अब्रुनुकसानीच्या खटल्यांत त्यांस व टिळकांस १८८२ सालीं शिक्षा झाली, आणि सुटून आल्यावर आगरकरांनीं ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशेंएक दिवस’ हें छोटें पुस्तक लिहिलें. सरांनीं आम्हांस फक्त नांव वाचावयास सांगून विचारलें, “ह्यांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता?” आम्ही म्हणालों, “तुरुंग.” कोणी म्हणालें, “एकशेंएक.” सर म्हणाले, “आमचे.” त्या एका शब्दांत दोन मित्र एका कोठडींत बसलेले आहेत. पुढें त्या दोघांचे मतभेद वाढले. आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. हें ठाऊक झाल्यावर तो ‘आमचे’ शब्द पुन्हां वाचावा म्हणजे त्याचें वजन कळतें. पुस्तकांत अक्षर बदललेलें नाहीं. वाचणारा बदलला आहे.

आम्हीहि ह्या लेखांत ‘आम्ही’ म्हणत आहों. लेखकाचा ‘आम्ही’ कधीं नम्रतेचा असतो, कधीं अनेकांच्या वतीनें बोलण्याचा असतो, आणि कधीं कधीं आपला एकट्याचा दोष चारचौघांत वांटून टाकण्याचाहि असतो! तेव्हां येथें स्पष्ट सांगून ठेवतों : निबंधांतील खोटेपणाच्या बाबतींत हा ‘आम्ही’ एकटाच आहे.

चौथें पुस्तक ‘शेतकऱ्याचा असूड’. तें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलें. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव काटगुण, आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यांतील. फुल्यांच्या लिखाणांत राग आहे, आणि तो ते झांकीत नाहींत. परंतु नुसत्या रागानें पुस्तक उभें राहिलें नसतें. एका कारणांतून दुसरें, दुसऱ्यांतून तिसरें, अशी सांखळी ते वाचकाच्या हातीं देतात, आणि शेतकऱ्याचें घर, अन्न, वस्त्र इतक्या बारकाईनें दाखवितात कीं त्या रागाचें कारण वाचकास आपल्या डोळ्यांनीं दिसतें. भावना आधीं आणि पुरावा मागाहून, हा आमचा क्रम होता. पुरावा दाखवून मग भावना वाचकावर सोंपविणें, हा जाणत्याचा क्रम.

शेवटचें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. १९३४ पासून तीं भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. ह्या बाईंनीं शाळेची पायरी चढलेली नव्हती. वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. १८९५ सालीं रेव्हरंड टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां पतिपत्नींची जी ताटातूट झाली ती कांहीं वर्षें टिकली. एवढें दुःख सांगतांना त्या कोणावर दोष लादीत नाहींत आणि स्वतःवर हंसावयास विसरत नाहींत. वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं घरांत मीठसुद्धां धुवून घेत, हें त्या सांगतात तेव्हां आपण हंसतों. आणि हंसतां हंसतां त्या घरांतील लेंकरांचे व त्यांच्या आईचे काय हाल झाले असतील तें एकदम ध्यानांत येतें. रडा, असें त्या कोठेंच सांगत नाहींत. आम्हीं तर आकाशांतला ढगसुद्धां वाचकास रडविण्यासाठीं कामास लावला होता!

ह्या सर्व वाचनावरून आमची जी समजूत झाली ती थोडक्यांत अशी. हातोटी वापरणें हा दोष नव्हे. मोजमाप, संवाद, विनोद, राग, सर्वनामाची निवड, हीं सर्व साधनें खरें लिहिणारासहि लागतात. कंदील धरावाच लागतो. प्रश्न एवढाच कीं तो असलेली वस्तु दाखविण्यासाठीं धरला आहे कीं नसलेली भासविण्यासाठीं.

उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही पुन्हां आजीजवळ बसलों. ह्या वेळीं कांहींएक वाचून दाखविलें नाहीं, विचारलें. प्रथम ती बोलेना. मग एके दुपारीं शेंगा फोडतां फोडतां तिनें सांगितलें. कामावर रोज सकाळीं मुकादम हजेरी घेई आणि प्रत्येकीचें नांव मोठ्यानें पुकारी. लग्न झाल्यापासून तिला तिच्या नांवानें कोणी हांक मारली नव्हती. अमक्याची आई, तमक्याची सून, एवढीच तिची ओळख. चार माणसांत आपलें नांव ऐकून ती शरमेनें पदर पुढें ओढी. जळत होतें तें हें. शेजारीं जी बाई बसे, ती पूर्वी आमच्याच रानांत सुगीला मजुरीनें येत असे. त्या बाईनें पहिल्या दिवशीं आजीचे हात पाहिले, आपल्या लुगड्याच्या कांठाची चिंधी फाडून तिच्या बोटांस गुंडाळली, आणि दगड कसा धरावा, घाव कोठें घालावा हें शिकविलें. वर हंसून म्हणाली, “वैनी, आज तुमी माज्या हाताखाली.” आजीहि हंसली. दुष्काळांत इतकें पुन्हां कधीं हंसलों नाहीं, असें ती म्हणाली.

वाचकहो, विचार करा : आमच्या बनावट भाकरीहून ही खरी चिंधी कितीतरी मोलाची नाहीं काय? आम्हीं दात्याला याचक केलें आणि याचकाला दाता. उपकार ज्या बाईनें केला तिला आम्हीं भुकेली, केविलवाणी करून आजीच्या पायाशीं बसविलें. आणि हें सर्व एका बक्षिसासाठीं. त्या बाईचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण तें छापण्याची परवानगी तिच्याकडून कोणीं घेतलेली नाहीं. एवढा धडा तरी आम्ही शिकलों आहों.

“आता साळंत हे वाचून दाव,” असें आजी म्हणाली. आम्ही ‘होय’ म्हणालों. परंतु शाळेंत परत गेल्यावर धीर झाला नाहीं. बक्षीस मिळालेल्या लेखाचा खोटेपणा आपल्याच तोंडानें कसा सांगावा? ह्या संमेलनांत नको, पुढच्या वर्षीं पाहूं, असें करतां करतां शाळा सुटली. आणि कांहीं वर्षांनीं आजीहि गेली. तिनें पुन्हां कधीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर बरें झालें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांना ह्या वर्षीं ‘माझी आई’, ‘माझे आजोबा’ असे निबंध लिहावे लागतील. जरूर लिहा. फक्त लिहिण्याआधीं त्यांना विचारा, आणि लिहून झाल्यावर ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांना एकदां वाचून दाखवा. त्यांच्या चेहऱ्याइतका कडक परीक्षक तुम्हांस दुसरा मिळणार नाहीं. आणि पालकहो, आपलीं मुलें विचारूं लागलीं तर हातांतलें काम क्षणभर बाजूस ठेवून त्यांना खरें तें सांगा; आपण न सांगितलेल्या जागा तीं कल्पनेनें भरून काढतात, ह्याचें उदाहरण आपणांपुढें आहेच.

आतां दुरुस्ती. ह्या वार्षिकाच्या जुन्या अंकांतील आमच्या निबंधांत, आमच्या आजीनें १९७२ च्या दुष्काळांत एका मजूर बाईस अर्धी भाकरी दिली, असें छापलें आहे. तें खरें नाहीं. त्या बाईनेंच आमच्या आजीस आपल्या लुगड्याची चिंधी फाडून दिली आणि दगड फोडावयास शिकविलें. वाचकांनीं तसें वाचावें.